डब्यात कोण कुणासाठी थांबलंय?

तुमच्या टेबलाखाली जो काळा डबा घूं घूं करत असतो, त्याला तुम्ही काय म्हणता? सीपीयू? मीही तेच म्हणायचे. ‘सीपीयू पुसून घे गं’, ‘सीपीयूला पाय लावू नकोस’, ‘सीपीयू बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय’. अख्खं डोंबिवली असंच बोलतं. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये कीबोर्ड म्हणजे इनपुट, मॉनिटर म्हणजे आउटपुट आणि मधला डबा म्हणजे सीपीयू अशी तीन खोक्यांची आकृती मी पट्टीने आखून काढली होती. खोक्यांच्या मध्ये बाण. पैकीच्या पैकी मार्क. त्या आकृतीचं पुढे आयुष्यात काही करावं लागेल असं वाटलं नव्हतं. जुलै २०२३मध्ये लागलं.

आई घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, वर्षाकाठी एखाद्या निवृत्त गृहस्थांचा कवितासंग्रह. बाबा गेल्यापासून घरखर्चाचा निम्मा भार माझ्या पगारावर आणि निम्मा आईच्या त्या टेबलावर. त्यामुळे आमच्याकडे कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे टीव्ही बिघडण्याइतकं साधं प्रकरण नसतं. त्या जुलैत तिच्याकडे एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आली होती. २१२ पानं, शंभरावर फोटो, छापखान्यात द्यायला उरलेले आठ दिवस, आणि घेतलेला अ‍ॅडव्हान्स गॅस-लाइट-सोसायटीत केव्हाच विरघळलेला.

आणि कॉम्प्युटर? २०१३ साली घेतलेला. सकाळी बटण दाबून आई आंघोळ, देवपूजा उरकायची, तोवर तो जेमतेम उठायचा. उठल्यावर तारीख दाखवायचा १ जानेवारी २०१२. मग आई भिंतीवरचं कालनिर्णय बघून तारीख दुरुस्त करायची. कुणाच्या घरी तुळशीला पाणी घालतात, आमच्याकडे हा रोजचा विधी. एखादं फोटोचं पान उघडायला सांगितलं की तो गोल फिरणारा चकलीसारखा निळा कडा यायचा, आणि आई तेवढ्यात कुकर लावून यायची.

जवळच्या एका दुकानदाराने डबा न उघडताच निकाल दिला. “प्रोसेसर जुना झालाय मॅडम. नवीनच घ्या.” कोटेशन ४२ हजारांचं.

मी काही त्याच्यापेक्षा शहाणी नव्हते. लोअर परळला एका जाहिरात कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणून घरात मी एक्स्पर्ट! वर्षभर आईला माझा एकच सल्ला, बंद करून चालू कर. वर ‘स्पीड वाढवणारं’ एक फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते रोज दुपारी अख्खी हार्ड डिस्क चाळायला घ्यायचं. आई बिचारी म्हणायची, “तुझं ते औषध घातल्यापासून जास्तच दमतोय गं.”

सात टक्के

शेवटी मावसभावाला फोन केला. हा दादा ठाण्याला राहतो, हार्डवेअरचं काम करतो, आणि नातेवाइकांचे कॉम्प्युटर फुकट दुरुस्त करून करून लग्नकार्यांना यायचाच बंद झालाय. शुक्रवारी संध्याकाळी भिजत आला. चहा झाला. स्क्रू ड्रायव्हर काढेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त तीन बटणं दाबली. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडला. मग आईला म्हणाला, “मावशी, तू रोज करतेस ते कर. स्मरणिकेची फाईल उघड.”

आईने डबल क्लिक केलं. निळा कडा फिरायला लागला. पडद्यावर आकडे होते. सीपीयू ७ टक्के. मेमरी ९४ टक्के. डिस्क १०० टक्के.

“बघितलंस?” दादा मला म्हणाला. “ज्याला तुम्ही म्हातारा म्हणून घरी बसवायला निघालात, तो नुसता बसलाय. सात टक्के काम करतोय. त्याला कामच मिळत नाहीये.”

मला वाटलं दादा गंमत करतोय. मी इतकी वर्षं ‘प्रोसेसर म्हणजे मेंदू’ हे वाक्य ऐकलेलं, स्वतः दोन-तीन जाहिरातींत लिहिलेलंसुद्धा. मशीन स्लो म्हणजे मेंदू स्लो, साधा हिशेब. दादाला या वाक्याचा भयंकर राग येतो. तो म्हणतो, तुम्ही ती आकृती काढताना खोकी पाठ केलीत, बाणांकडे कुणी बघितलंच नाही.

तेवढ्यात डब्यातून आवाज आला. टक्. मग थांबून टक्-टक्. दादाचा चेहरा बदलला. “हा आवाज कधीपासून येतोय?” आई म्हणाली, “झाला की महिना. मला वाटलं पंखा.” त्याने पुढचं काही न विचारता कॉम्प्युटर बंद केला. “बॅकअप कुठाय?”

बॅकअप नव्हता. दहा वर्षांचं काम त्या एका डिस्कवर होतं, स्मरणिकेसकट.

डबा उघडला

आत धुळीचा गालिचा होता. टेबलाशेजारीच देव्हारा, त्यामुळे उदबत्तीचा धूर आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिकट राखाडी थर. दादाने मोटारीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप आणला होता, गॅलरीत नेऊन आधी तो मारला. मग एकेकाची ओळख करून दिली. ही ओळख मला शाळेत झाली असती तर बरं झालं असतं.

एका कोपऱ्यात पत्र्याचं खोकं, जाड वायरींचा झुबका बाहेर आलेलं. हा एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करतो आणि सगळ्यांना वाटतो. याचं कौतुक कुणी करत नाही. बिघडला की मात्र सगळ्यांना घेऊन बुडतो. तळाला सगळं पोटात घेऊन पसरलेली हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. आकृतीतले बाण प्रत्यक्षात इथे असतात. पाटीवर निरखून बघा, केसासारख्या तांब्याच्या रेघा इकडून तिकडे गेलेल्या दिसतील. त्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढा बटण सेल. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं ही याची ड्यूटी. तो मेला होता, म्हणून रोज १ जानेवारी २०१२. चाळीस रुपयांचा सेल, आणि आई दीड वर्ष कालनिर्णय बघत होती!

आणि सीपीयू? पंखा आणि त्याखालचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा काढल्यावर दिसला. जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा चौकोन. खरी चिप तर त्या चौकोनाच्याही पोटात, नखाएवढी. खाली सॉकेटमध्ये ११५५ बारीक पिना. एवढा सगळा डबा, आणि ज्याचं नाव आपण अख्ख्या डब्याला दिलं ते मालक एवढेसे! कोअर आय३, तिसऱ्या पिढीतला, ३.३ गिगाहर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला हे महाशय काय करतात? तर तेच ते. मेमरीतून पुढची सूचना आणायची, ती काय म्हणते ते लावायचं, करायचं, आणि पुढची सूचना. बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, हे दोन सारखे आहेत का बघ. पत्रिकेवरचा गणपती असो की यूट्यूबवरचं गाणं, खाली एवढंच चाललेलं असतं.

सूचना आणि ज्यावर काम करायचं तो माल, दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे, ही मांडणी १९४५ची. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ‘एडव्हॅक’ या अमेरिकन यंत्रासाठी लिहिलेल्या अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात ती आली. (खर्ड्यावर नाव एकट्या नॉयमन यांचं, यंत्रावर राबणारे एकर्ट आणि मॉकली त्यावर कायम नाराज राहिले. ऑफिस पॉलिटिक्स काही आजचं नाही.) आपल्या क्लासमधली आकृती त्याच खर्ड्याची नातवंडं. आणि तिची मेखही तेव्हापासूनची. काम करणारा एकीकडे, माल दुसरीकडे, आणि मधला रस्ता अरुंद. १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात जॉन बॅकस यांनी या अरुंद रस्त्याला ‘फॉन नॉयमन बॉटलनेक’ असं नावच देऊन टाकलं.

सव्वा वर्षाचं वेटिंग

दादाने डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि तिची प्रत एका एक टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायला लावली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे, फुकट मिळतो. तो आधी डिस्कचा धडधाकट भाग भराभर उतरवून घेतो आणि जिथे वाचता येत नाही ते भाग बाजूला ठेवून नंतर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे येतो. मरणाऱ्या डिस्कला कमीत कमी त्रास. (माझं ‘स्पीड वाढवणारं’ सॉफ्टवेअर नेमकं उलटं करत होतं. दादाने ऐकवलं. ऐकून घेतलं.) बाहेर धो-धो पाऊस, आत लाइट जाऊ नये म्हणून आईचा जप, आणि आम्ही दोघं पडद्यावर टक्के मोजत बसलेलो. त्या वेळात दादाने एक हिशेब करून दाखवला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरा. त्याला एखादी गोष्ट लागली आणि ती त्याच्याच पोटातल्या कॅशमध्ये असली, तर चार सेकंदांत हातात. कॅशमध्ये नाही, रॅममध्ये आहे? मग तीन-चार मिनिटं. म्हणजे खाली जाऊन कोपऱ्यावरून कोथिंबीर आणण्याइतकी. रॅममध्येही नाही, हार्ड डिस्कवर आहे? सव्वा वर्ष!

मी विचारलं, “दिवस म्हणायचंय का तुला?” नाही, वर्ष. त्या डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ७२०० फेऱ्या मारत असतात. वर ग्रामोफोनसारखा एक दांडा, त्याच्या टोकाला वाचणारं डोकं. ते तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतं. दांडा योग्य जागी सरकायला सरासरी आठ मिलिसेकंद, तबकडीचा हवा तो भाग फिरून खाली यायला आणखी चार. बारा मिलिसेकंद. आपल्याला ते पापणी लवण्याहूनही कमी. पण तेवढ्यात प्रोसेसरचे चार कोटी ठोके होऊन जातात, आणि चार कोटी सेकंद म्हणजे सव्वा वर्ष.

आता ओझी वाहायला प्रोसेसर स्वतः जात नाही बरं का. तो ऑर्डर सोडतो आणि दुसरं काम बघतो. माल डिस्कवरून केबलने मदरबोर्डवर, तिथून परस्पर रॅममध्ये उतरतो आणि उतरला की प्रोसेसरला हाक जाते. तिला म्हणतात इंटरप्ट. व्यवस्था झकास आहे. फक्त दुसरं कामही जर डिस्ककडेच अडकलेलं असेल, तर करायचं काय? बसायचं. सात टक्के.

मग डिस्क एवढी मंद असताना सगळं तिच्यावर का ठेवतात? कारण रॅमची पाटी रोज कोरी होते. रॅममधला एकेक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज, आणि ती सतत गळत असते. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम वाचून पुन्हा भरावी लागते. लाइट गेली की संपलं. सेव्ह न केलेली फाईल का जाते, याचं हे उत्तर. डिस्क संथ, पण लक्षात ठेवणारी. रॅम चपळ, पण विसराळू. आणि महाग. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टीफरॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला, २७०० व्हॉल्व्ह असलेला. त्याची मेमरी होती ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे दहा केबी. आईच्या डब्यातली ४ जीबी रॅम त्याच्या चार लाख पटींहून जास्त. आणि तरी तिला ती पुरत नव्हती!

हे ‘पुरत नव्हती’ प्रकरण आईला आमच्याआधी कळलं. ती आमच्या मागे उभी राहून ऐकत होती. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. आई म्हणाली, “म्हणजे नानांसारखंच की. हातात स्टिक, तिच्यात चार ओळी मावायच्या. समोर खिळ्यांची केस, हात लांबवला की अक्षर मिळायचं. आणि जास्तीचे टाइप मागच्या खोलीत कपाटात. केस लहान असली की नाना सारखे उठून मागच्या खोलीत. दिवस उठण्या-बसण्यातच जायचा.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “मावशी, तू शिकवायला ये माझ्याकडे.”

स्टिक म्हणजे कॅश, केस म्हणजे रॅम, मागची खोली म्हणजे हार्ड डिस्क. आईच्या ४ जीबीतली निम्मी जागा विंडोज स्वतःच खायचा. त्यात ब्राउझर, त्यात डीटीपीचं सॉफ्टवेअर, आणि वर फोटो. ए-फोर आकाराचा छपाईच्या दर्जाचा, चार रंगांतला एक फोटो उघडला की साधारण ३५ एमबी. असे वीस उघडा. रॅम भरली की विंडोज हुशारी करतो, कमी लागणाऱ्या गोष्टी तात्पुरत्या डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागल्या की परत आणतो. याला नाव आहे व्हर्च्युअल मेमरी. ऐकायला किती भारी! प्रत्यक्षात म्हणजे मागच्या खोलीत सारखी ये-जा, आणि प्रत्येक फेरी सव्वा वर्षाची. तीही अशा डिस्कवर, जी स्वतःच एकेक भाग वाचायला दहा-दहा वेळा धडपडतेय.

डिस्कचा चांगला भाग दोन तासांत उतरला. उरलेल्या काही एमबींना पहाट झाली. सकाळी हिशेब लागला. सगळं सुटलं, फक्त तीन फाईली वाचता आल्या नाहीत. दोन जुन्या पत्रिका, त्या जोडप्यांना आता पत्रिकेची गरज नाही. तिसरी स्मरणिकेतली. देणगीदारांची यादी, १४ पानं, नावं आणि रकमा.

आई काही बोलली नाही. शाळेने दिलेले हस्तलिखित कागद तिने पिशवीतून काढले आणि क्लिप लावून टेबलावर ठेवले.

३५५० रुपये

शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेले. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही विचारात पडेल.) दादाने चिठ्ठी लिहून दिली होती आणि बजावलं होतं, चिठ्ठीबाहेर काही घेऊ नकोस. दुकानातला मुलगा गोड होता. “मॅडम, साधी एसएसडी कशाला, एनव्हीएमई घ्या, ३५००ची स्पीड.” मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, “त्याला सांग, लावायला खाच कुठाय? २०१३चा बोर्ड आहे.” मग साधी, सॅटाची एसएसडी. तिच्या खोक्यावर लिहिलेलं सेकंदाला ५५० एमबी. दादा म्हणाला, “तेही मिळणार नाही. आपल्या बोर्डाचा सॅटा जुना, २७०च्या आसपास मिळतील. घे तरी.”

निम्मी स्पीड फुकट घालवायची? माझ्या मध्यमवर्गीय मनाला हे झेपेना. पण ५५० की २७० हा प्रश्न एकच मोठी फाईल सलग ओतताना. रोजच्या कामात कॉम्प्युटर हजारो बारक्या गोष्टी इथून तिथून मागत असतो, तिथे महत्त्वाचं हे की पहिला कण हातात यायला किती वेळ लागतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, सगळ्या चिपाच. एक दशांश मिलिसेकंदात उत्तर. दादाच्या हिशेबात सव्वा वर्षाऐवजी चार दिवस. बोर्ड जुना असला तरी हा फायदा कुठे जात नाही.

बिल असं. ४८० जीबी एसएसडी २६००, सेकंडहँड ४ जीबी डीडीआर३ रॅम ७००, प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट १५०, केबल ६०, बटण सेल ४०. एकूण ३५५०. रॅमची दुसरी पट्टी घेतली ती नुसती जागा वाढवायला नाही. जोडीने पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो, रस्ता दुपदरी होतो. डीडीआर३च बघून घ्यावी लागते, डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. आणि हे भाव २०२३चे. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जे भडकले, त्यानंतर माझं हे बिल कुठल्या दुकानदाराला दाखवू नका. हसेल.

रविवारी दादाने विंडोज नव्याने टाकला, ६४ बिटांचा. आधीचा ३२ बिटांचा होता, त्याला ४ जीबीच्या पुढची रॅम दिसलीच नसती. कितीजणांनी नुसती पट्टी खोचून पैसे वाया घालवले असतील! दुपारी आईने बटण दाबलं आणि सवयीने देव्हाऱ्याकडे वळली. मी म्हटलं, “आई, झाला सुरू.” तिला खोटं वाटलं. तारीखही बरोबर होती.

रविवार आणि सोमवार, दोन रात्री बसून तिने १४ पानं पुन्हा टाइप केली. मी नावं वाचून दाखवली, तिने रकमा दोनदा तपासल्या. एका देणगीदाराचं आडनाव आधीच्या यादीत चुकलं होतं म्हणे, ते या वेळी दुरुस्त झालं. स्मरणिका वेळेत गेली.

तुमच्या डब्याचं काय?

मंगळवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी माझ्या लॅपटॉपवर ती तीन बटणं दाबली. या लॅपटॉपच्या नावाने मी रोज बोटं मोडायचे. सीपीयू ११, डिस्क ३, मेमरी ९३ टक्के. डोकावून बघितलं तर ब्राउझरचे ४६ टॅब, त्यातले तीस ‘नंतर वाचू’वाले. दोष कुणाचा? जाऊ दे.

तुम्हीही करून बघा. मशीन ठणठणीत असताना नको, कावल्यावर करा, तेव्हाच खरं कळतं. डिस्क सतत शंभरच्या आसपास आणि बाकी निवांत असेल, तर आधी बॅकअप घ्या, मग डिस्कचं बघा. मेमरी नव्वदीपार असेल, तर टॅब बंद करा, आणि तरी भागत नसेल तर रॅम वाढवा; मात्र बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, तिथे नंतर काही करता येत नाही, म्हणून विकत घेतानाच विचार करा. आणि सीपीयू खरोखर शंभरवर जाऊन तिथेच बसला असेल, व्हिडिओ एडिट करताना वगैरे, तर तुमचा प्रोसेसर खरंच तोकडा पडतोय. मग नवीन मशीन घ्या, माझी काही हरकत नाही. उन्हाळ्यात पंखा बोंबलतोय आणि स्पीड घसरतेय? प्रोसेसर गरम झाला की स्वतःच ठोके कमी करतो. धूळ काढा.

एक गोष्ट मात्र ३५५० रुपयांत सुटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि आईच्या पिढीतला प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही. दादाने डब्याची नेटची वायर काढून ठेवली आहे. मजकूर फोनवर येतो, आई पेन ड्राइव्हने तो नेते. थोडं गैरसोयीचं आहे. ती कुरकुरते. नवीन मशीनसाठी आम्ही पैसे बाजूला टाकतोय, पण आता सावकाशीने, आणि काय घ्यायचं ते तीच ठरवणार आहे. बॅकअपची डिस्क मागवल्यापासून दर शनिवारी ती स्वतः प्रत घेते आणि डिस्क साड्यांच्या कपाटात ठेवते.

परवा मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. कुजबुजत घेतला. तर म्हणे, “अगं, दोनशे फोटो एकदम लहान करायला टाकलेत. डिस्क दोन टक्के, मेमरी साठ, पण तो सीपीयू अठ्ठ्याण्णव दाखवतोय. आता कोण कुणासाठी थांबलंय?”

“कुणी नाही आई. आता प्रोसेसर राबतोय.”

“राबू दे मग,” आई म्हणाली. “दहा वर्षं बसून खाल्लंय त्याने.”